बटाट्याच्या सुट्टीत गरेटांची तीन मुले

मी, क्लॉडेट व्हॉइझिन, वय ५८ वर्षे, धंदा नोकरी, राहणार चर्चमागचा रस्ता, सेंट-कोलेट, मेन राज्य, आज सेंट-कोलेट पोलीस ठाण्यात आपणहून हजर राहून, सार्जंट रेनो डेगल यांनी विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते आणि बालकल्याण खात्यात सव्वीस वर्षांपासून नोकरीस आहे. एखाद्या घरात मुलांची आबाळ होते, त्यांना मारहाण होते किंवा ती एकटी सोडली जातात अशी खबर आली म्हणजे त्या घरी जाणे, डोळ्यांनी पाहणे आणि जे पाहिले ते वरिष्ठांना कळवणे, हे माझे काम. लोकांना वाटते आम्ही पोरे पळवणारी टोळी आहोत. तसे काही नाही. सार्जंट डेगल म्हणतात, "मावशी, हे वाक्य कशाला?" ते राहू द्यावे. सार्जंट डेगल यांना मी ते रांगत होते तेव्हापासून ओळखते, परंतु हा जबाब ओळखीपोटी देत नाही.

सध्या बटाट्याच्या काढणीची सुट्टी चालू असून शाळा बंद आहे. हातपाय धड असलेला प्रत्येक माणूस रानात आहे. आज सकाळी माझ्या कार्यालयात फोन आला की, नदीकडच्या रस्त्यावरील गरेटांच्या घरात तीन लहान मुले एकटी आहेत, चूल पेटवलेली आहे आणि मोठे माणूस कोणी दिसत नाही. फोन कोणी केला ते मला कायद्याने सांगता येत नाही. गावात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यांनी आपापल्या जबाबात सांगावे.

सदर घरात सेलेस्ट गरेट, वय ३३ वर्षे, आणि तिची मुले ब्रिएल, वय ११, रेमी, वय ६, व कोराली, वय ३, अशी चौघे राहतात. दोन हिवाळ्यांपूर्वी सेलेस्टचा नवरा घर सोडून गेला, त्यातच घर तापवायचे तेल संपले, तेव्हा खात्याने ही मुले महिनाभर दुसरीकडे ठेवली होती. ते काम माझ्याकडे नव्हते. परंतु ती नोंद कायम असल्याने आजची खबर दुसरी ठरते. माझ्या वरिष्ठ मला फोनवर म्हणाल्या, "क्लॉडेट, दुसऱ्यांदा आलंय हे. आईचा हलगर्जीपणा दिसला तर आज संध्याकाळीच मुलं उचलावी लागतील." मी "बरं" म्हटले आणि निघाले.

आमचे दोन नियम आहेत. एक, मोठ्या माणसाच्या परवानगीशिवाय कोणाच्या घरात पाऊल टाकायचे नाही. दुसरा, मुले एकटी आढळली तर मोठे माणूस येईपर्यंत तिथून हलायचे नाही. हे नियम ज्यांनी केले ते एकमेकांना कधी भेटलेले दिसत नाहीत. आत जाता येत नाही, परत जाता येत नाही, मग उरते दारापुढची पायरी. सव्वीस वर्षांत मी या भागातल्या बऱ्याच पायऱ्यांवर बसले आहे.

मी अकराच्या सुमारास खात्याची पांढरी गाडी घेऊन गरेटांच्या अंगणात पोचले. घराची स्वतःची गाडी दारात नव्हती. धुराड्यातून धूर येत होता व घावन भाजल्याचा वास येत होता. दार वाजवले असता आतून मुलीचा आवाज आला, "कोण?"

मी नाव आणि खाते सांगून म्हटले, "दार उघडतेस का, बाळा?"

"बाळ आत आहे. मी बाळ नाही."

"बरं. मग तुझं नाव काय?"

"तुमच्याकडे लिहिलेलं असेलच की."

"ब्रिएल ना? आई कुठंय तुझी?"

"आंघोळ करतेय."

पाण्याचा आवाज येत नव्हता, ते मी बोलून दाखवले नाही. पायरीवर बसले. बऱ्याच वेळाने पुन्हा विचारले, "अजून आंघोळच चाललीय?"

"आमची आई स्वच्छ आहे."

"मग बाहेर आली की मला हाक मारायला सांग."

"बाहेर आली की ती झोपणार आहे."

मुलीने माझे ओळखपत्र मागितले. ते मी दारातल्या टपालाच्या फटीतून आत सरकवले. ती म्हणाली, "फोटोतल्या बाईचे केस काळे आहेत."

"तेव्हा होते गं."

"मग ही बाई तुम्हीच, कशावरून?"

"वय झालं की असंच होतं."

"आमच्या आजीचे अजून काळे आहेत."

तिची आजी अल्फ्रेडा गरेट हिचे केस कोण काळे करून देते ते मला ठाऊक आहे, पण तो या जबाबाचा विषय नाही. ओळखपत्र मला परत मिळाले.

लहान दोघांना एकदा बघू दे, असे मी म्हटले. त्यावर मुलीने त्यांना एकेक करून खिडकीशी उचलून धरले. कोरालीचे केस विंचरून दोन वेण्या घातलेल्या होत्या. वेण्या वाकड्या होत्या, पण घातलेल्या होत्या. रेमीच्या तोंडाला काकवी लागलेली होती. दोघांच्या अंगावर लोकरीचे कपडे होते. खिडकीतून मला चूल दिसली. चुलीपुढे जाळीचा आडोसा लावला होता आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवली होती. मोठ्या माणसांच्या किती घरांत मी अशी बादली पाहिली आहे, ते बोटांवर मोजता येईल. हे सर्व मी या ठिकाणी मुद्दाम सांगत आहे.

रेमीने काचेला नाक लावून विचारले, "ती गाडी पोलिसांची आहे?"

मी म्हटले, "नाही रे राजा, सरकारची आहे."

हे ऐकताच मुलीने पडदा ओढून घेतला. इतका वेळ ती माझ्याशी भांडत होती, ते बरे होते. त्यानंतर ती भांडेना. मी ते तेव्हाच ओळखायला हवे होते.

सेलेस्टला फोन केला, तो तिने उचलला नाही. ती सिरवा कुटुंबाच्या रानात काढणीच्या यंत्रावर असते. बाया यंत्राच्या पट्ट्यापाशी उभ्या राहून दगड आणि ढेकळे वेचतात, आणि त्या खडखडाटात शेजारणीची शिवीसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून मी अल्फ्रेडाला फोन केला. काढणीच्या दिवसांत सून रानात गेली की नातवंडे तीच सांभाळते, हे मला माहीत होते. ती नदीपलीकडे कॅनडात बहिणीच्या घरी असल्याचे कळले. आमचे बोलणे पुढीलप्रमाणे झाले.

"अल्फ्रेडा, पोरांजवळ कोण आहे?"

"कोण म्हणजे? त्यांची आई."

"आई रानात आहे."

"काहीतरीच काय! सकाळी रेडिओवर सांगितलं ना, सिरवांच्या रानात आज काढणी नाही, वाफसा नाही म्हणून. मी माझ्या कानांनी ऐकलं. मग म्हटलं, सून घरी आहे, आपण जाऊन यावं बहिणीकडे."

"आणि नऊनंतर ऊन पडलं, वारं सुटलं, ते?"

"अगं बाई!" अल्फ्रेडा ओरडली. मग म्हणाली, "मग आत्ता पोरांजवळ कोण आहे?"

"मी."

"हुश्श. कुठे आहेस, स्वयंपाकघरात का?"

"पायरीवर. तुझी नात दार उघडत नाही."

"शहाणी आहे पोर! मीच शिकवलंय तिला. आलेच मी. पण पुलावर त्या सीमेच्या अधिकाऱ्यांपुढे रांग लागली असेल गं, काय सांगू तुला."

कोणत्या शेतात आज काढणी आहे आणि कोणत्या नाही, हे आमच्याकडे रोज पहाटे रेडिओवर सांगतात, आणि त्यावर सगळा गाव दिवस आखतो. सकाळी रान ओले होते, म्हणून सिरवांनी काढणी नाही असे कळवले. नऊनंतर वाफसा आला आणि रात्री रान गोठणार असा अंदाज होता, म्हणून त्यांनी बायांना एकेक करून फोन केले. सेलेस्टला वाटले, रोजच्यासारखी सासू वाटेत असेल, पाच-दहा मिनिटांचा तर प्रश्न. सासूला वाटले, सून घरी आहे. यात लबाडी कोणाचीच नाही. असा घोळ माझ्या आईच्या हातूनही झालेला आहे, आणि तेव्हा या मुलीसारखी खिडकीच्या पडद्यामागे मीच होते. फरक एवढाच की, तेव्हा कोणी कोणाला फोन करत नसे.

हे सर्व माझ्या लक्षात आल्यावर मला हायसे वाटले. आता आजी येईल, दार उघडेल, चहा होईल आणि मी वरिष्ठांना कळवीन की गैरसमज झाला होता, असे मी मनात ठरवून टाकले. तेवढ्यात खिडकी वीतभर वर सरकली आणि एक ताटली बाहेर आली. तीत दोन घावन होते, आमच्याकडे त्यांना प्लॉय म्हणतात, वर लोणी आणि काकवी घातलेली.

"खा. गार होतात," मुलगी म्हणाली.

ज्या घराची चौकशी करायची तिथले खायचे नाही असा आमचा नियम आहे. म्हणून मी "नको गं" म्हटले.

"का? आमच्या हातचं खात नाही का सरकार?"

मी खाल्ले. पीठ छान आंबलेले होते, एका बाजूने भाजलेले आणि जाळी अशी पडलेली की माझ्या आईने वाहवा केली असती. मी तसे ओरडून सांगितले. आतून उत्तर आले नाही. रेडिओ मात्र मोठा झाला. लहानांना नाचायचे असेल असे मला वाटले. सार्जंट डेगल विचारतात की मला संशय कसा आला नाही. नाही आला. सकाळपासून मी उपाशी होते आणि घावन चांगला होता.

ताटली परत द्यायला खिडकी वाजवली, तर कोणी आले नाही. हाक मारली. रेडिओवर बाजारभाव चालू होते, आणि कोणतेही लहान मूल बाजारभाव ऐकत बसत नाही. मी घराला वळसा घालून मागे गेले असता मागचे दार उघडे दिसले. आता नियम कसला आणि काय, मी आत शिरले. खाटेखाली पाहिले, कपाटात पाहिले, माळ्यावर पाहिले. चूल विझवलेली होती. तिच्यात बादलीभर पाणी ओतलेले होते, राख अजून फसफसत होती. निघताना चूल विझवून जायची तेवढी अक्कल त्या पोरीला होती, आणि ती माझ्यापासून पळून चालली होती.

मागच्या दारापासून सिरवांचे रान सुरू होते. सरीच्या ओल्या मातीत तीन जोड पावले उमटली होती, एक मोठी, दोन लहान. मी चालत चालतच पोलीस ठाण्यास फोन केला. पुढे टेकाडाच्या अलीकडे सर्वांत लहान पाऊल नाहीसे झाले आणि मोठे पाऊल मातीत खोल जाऊ लागले. तिने कोरालीला उचलून घेतले होते. मी पळत सुटले. ज्यांनी काढणी पाहिली आहे त्यांना कारण सांगायला नको, पण कागदावर असावे म्हणून सांगते. काढणीच्या रानात यंत्र पुढे चालते, बटाट्याने भरलेले ट्रक उलटे मागे घेतले जातात, आणि ट्रकवाल्याला तीन वर्षांचे मूल मागच्या आरशात दिसत नाही.

टेकाड चढून गेल्यावर जमीन दगडाळ होती, पावलांचा माग तिथे संपला. समोर एक ट्रक उलटा मागे येत होता. मी त्याच्या मागे जाऊन दोन्ही हात वर केले. ट्रकवाला खिडकीतून ओरडला, "ओ बाई! मरायचं असेल तर दुसऱ्याच्या रानात जाऊन मरा!"

मी म्हटले, "पोरं आहेत रानात. तीन. सेलेस्टची."

त्याने लगेच इंजिन बंद केले आणि भोंगा तीनदा लांबवून वाजवला. हाताने बटाटे वेचायचे दिवस होते तेव्हापासूनची ही आमच्याकडची रीत आहे. रानात पोर चुकले की हाका मारत धावायचे नाही. सगळे बंद करायचे, असेल तिथे उभे राहायचे आणि ऐकायचे. सिरवांचे यंत्र थांबले. मग बांधापलीकडचे थांबले. मग टेकाडापलीकडच्या, ज्यांना काय झाले हेही माहीत नव्हते, त्यांची यंत्रे थांबली. रात्री रान गोठणार होते आणि जमिनीत राहिलेला बटाटा म्हणजे गेलेला बटाटा, तरीही कोणी विचारले नाही की किती वेळ. दिवसाढवळ्या एवढी शांतता मी काढणीत कधी ऐकलेली नाही. फक्त वारा होता.

पोराचे रडणे काही ऐकू येईना. त्या शांततेत माझ्या लक्षात आले, आणि मला सांगायला लाज वाटत नाही की माझ्या डोळ्यांना पाणी आले. हरवलेले पोर रडते. लपलेले पोर रडत नाही. ती मुले हरवली नव्हती, ती मला घाबरून दडून बसली होती, आणि मी तिथे उभी असेपर्यंत ती बाहेर येणार नव्हती. मी ट्रकवाल्याला म्हटले, "त्यांच्या आईला पुढे करा, आणि मला कुठेतरी झाका." तो म्हणाला, "तुम्हाला? तुम्ही काय केलंत?" मी म्हटले, "घावन खाल्ले." आणि ट्रकच्या चाकामागे ढेकळांत जाऊन बसले.

सेलेस्ट यंत्रावरून उतरून धावत आली. तिच्या तोंडावर मातीचा थर होता, नुसते डोळे दिसत होते. तिने मोठा श्वास घेतला आणि रोज संध्याकाळी अंगणात उभी राहून मारत असेल तशी हाक मारली, "ब्रिएल! रेमी! चला गं, जेवायला चला!"

काही झाले नाही. तिने पुन्हा तशीच हाक मारली. तेव्हा बांधाला जुनी लाकडी पिंपे रचून ठेवली आहेत त्यांच्या मागून आवाज आला, "आई, ती गेली का?"

"कोण?"

"सरकार!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. सेलेस्टनेही मला पाहिले. "गेली" म्हणाली असती तर पोरे लगेच बाहेर आली असती. मी असते तर तेच म्हटले असते. सेलेस्ट म्हणाली, "नाही गं, इथेच बसलीय. पण तू ये. मी आहे."

मग ती आली. कोराली तिच्या पाठीवर होती आणि तिच्या तोंडात बहिणीच्या मफलरचे टोक होते. रेमीचा एक बूट सरीत राहिला होता. ट्रक जिथे मागे घेतात तिथून ती पिंपे हाताच्या अंतरावर आहेत. हे मी सार्जंट डेगल यांना दोनदा सांगितले, त्यांनी एकदाच लिहिले आहे.

सेलेस्टने तिघांना अंगावरून हात फिरवून चाचपून पाहिले. नंतर माझ्याकडे वळली. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "घेऊन जाताय का?"

मी म्हटले, "आधी धाकटीला पाणी दे."

तोवर सार्जंट डेगल गाडी घेऊन आले. मुले बेपत्ता असल्याची खबर मीच दिली होती, त्यामुळे सर्वांना ठाण्यात यावे लागले. टेकाडापलीकडची यंत्रे त्यानंतर पुन्हा सुरू झाल्याचे मी ऐकले. अल्फ्रेडा गरेट पूल ओलांडून थेट ठाण्यात आली आणि दारातूनच म्हणाली, "रेनो डेगल, कोणाला आत टाकायचं असेल तर मला टाक. बहिणीकडे पत्ते खेळत होते मी, माझ्या सुनेला बोट लावशील तर बघ!" सार्जंट डेगल म्हणाले, "आजी, बसा हो, कोणी कोणाला टाकत नाही." तिला वेगळा जबाब द्यावयाचा आहे. तो लांबेल.

सार्जंट डेगल यांनी मला विचारले की, आईने मुलांकडे दुर्लक्ष करून त्यांचा जीव धोक्यात घातला असे माझे मत आहे काय, कारण त्यावरून सेलेस्ट गरेट हिच्यावर गुन्हा लावावयाचा की नाही ते ठरणार आहे. यावर माझे सांगणे असे आहे. मी अंगणात पोचले तेव्हा तिन्ही मुले घरात होती. दार लावलेले होते. परक्याला दार उघडायचे नाही हे त्यांना शिकवलेले होते आणि त्यांनी ते उघडले नाही. पोट भरलेले होते, अंगात ऊब होती, चुलीशेजारी पाणी होते. माझ्या फोननंतर आजी निघालीच होती, तासाभरात आली असती. आजच्या दिवसात त्या मुलांच्या जिवाला जो धोका झाला तो त्यांच्या घराच्या मागच्या दारापासून सुरू होतो, आणि त्या दारातून ती मला भिऊन बाहेर पडली. माझे काम मुलांना धोक्यातून काढण्याचे आहे. आज मी त्यांना धोक्यात घातले. हे वाईट हेतूने केलेले नाही, पण सेलेस्टनेही जे केले ते वाईट हेतूने केलेले नाही, आणि माझ्यावर गुन्हा लागत नसेल तर तिच्यावरही लागू नये.

त्याचबरोबर हेही लिहावे की, अकरा वर्षांच्या मुलीवर एवढे ओझे असू नये. ती ते पेलते, म्हणून ते तिच्यावर टाकावे असे नाही. यापुढे रेडिओवर काहीही सांगोत, सासूने सुनेला आणि सुनेने सासूला स्वतः फोन करावा. हे मी दोघींना समोरासमोर सांगितले आहे. अल्फ्रेडा म्हणाली, "तू आम्हाला शिकवू नकोस, क्लॉडेट," आणि नंतर "करीन" म्हणाली.

सार्जंट डेगल यांनी जबाब येथे संपवायचे ठरवले होते. मध्यंतरी मी पाणी पिण्यासाठी बाहेर गेले असता ब्रिएल गरेट बाहेरच्या बाकावर बसलेली होती. दोन्ही लहान तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपले होते, म्हणून ती हलत नव्हती. तिने मला विचारले, "लिहून झालं का तुमचं?"

"थोडं राहिलंय."

"मग एक सांगा. या वेळी तिघांना एकाच घरी ठेवणार, की मागच्यासारखं तीन घरी?"

मला कळायला क्षणभर वेळ लागला. नेणार की नाही, हे ती विचारतच नव्हती. मी तिला म्हटले, "तुम्ही तिघं तुमच्याच घरी राहणार. आईजवळ."

"लिहिलंय का तसं?"

"अजून नाही."

"मग लिहा की."

तरी मी सांगते, ते लिहावे. ब्रिएल, रेमी आणि कोराली गरेट ही तिन्ही मुले आजपासून स्वतःच्या घरी, स्वतःच्या आईजवळ, एकत्र राहतील, असे मी त्या मुलीला माझ्या तोंडाने सांगितले आहे. तसे सांगण्याचा अधिकार मला नाही, तो माझ्या वरिष्ठांचा आहे, आणि मी त्यांना अजून फोन केलेला नाही. या कागदावर सही केल्यावर करणार आहे. सार्जंट डेगल म्हणतात, "मावशी, हे पोलीस जबाबात बसत नाही. नोकरी जाईल तुमची." बसत नसेल तर बसवावे, नाहीतर मी सही करणार नाही. वरिष्ठांना वेगळे काही ठरवायचे असेल तर त्यांनी या कागदाच्या विरुद्ध जाऊन ठरवावे आणि त्या बाकाजवळ येऊन तिला स्वतः सांगावे. मी सांगणार नाही.

वरील मजकूर सार्जंट डेगल यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तेच त्यात आले आहे, कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही, उलट थोडाफार मीच आणला असेल. शेवटचा परिच्छेद कु. ब्रिएल गरेट हिने मागितल्यावरून तिलाही बाकाजवळ जाऊन हळू आवाजात वाचून दाखवण्यात आला. तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा ऐकून ती बरोबर आहे म्हणाली.